त्याला नेमकं झालंय काय?

खरं सांगू? दोन वर्षांपूर्वी माझ्या ऑफिसच्या लॅपटॉपवर एक एक्सेल शीट होती. फाइलचं नाव ‘बजेट’. आत बजेटबिजेट काही नाही, नवऱ्याची लक्षणं! तारीख, काय बोलला, किती दिवस अबोला. सगळ्यांत मोठा आकडा अकरा. कारण? चारचौघांत मी त्याचा किस्सा मध्येच तोडला होता.

लंच टाइममध्ये सगळे डबे उघडायचे, मी गूगल उघडायचे. आज नार्सिसिझम, उद्या बायपोलर, परवा एडीएचडी. प्रत्येक टेस्टमध्ये पठ्ठ्या पास! आणि गंमत म्हणजे, त्यानं मला बरं वाटायचं. ‘अक्कल आहे का तुला?’ हे तो नाही, त्याचा आजार बोलतोय. आणि आजार म्हटला की औषध आलंच ना?

शेवटी प्रिंटआउट घेऊन एका काउन्सेलर मॅडमकडे गेले. त्यांनी शांतपणे वाचलं.

‘ते आलेत का?’

‘नाही. त्याला माहीतही नाही.’

‘मग न भेटताच निदान कसं करणार?’

मुद्दा बरोबर होता. नार्सिसिस्टिक पर्सनॅलिटी डिसऑर्डर हे निदान १९८० साली अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या ‘डीएसएम’ या पुस्तिकेत आलं. त्यासाठी नऊपैकी किमान पाच निकष लागतात, आणि तेही तज्ज्ञानं माणसाला समोर बसवून तपासायचे असतात. एडीएचडीची लक्षणं तर बारा वर्षांच्या आधीपासून असावी लागतात. शिवाय ती एकाच ठिकाणी दिसून चालत नाही. घरी, ऑफिसात, मित्रांत, अशी निदान दोन ठिकाणी दिसायला हवीत.

मग मॅडमनी विचारलं, ‘बॉसशीही असंच बोलतात का?’

मला त्याचा अप्रेझल कॉल आठवला. बॉस पाऊण तास झापत होता आणि हा ‘यस सर, नक्की सर’ करत होता. फोन ठेवला आणि माझ्याकडे वळून म्हणाला, ‘हा चहा आहे की गरम पाणी? साधा चहा जमत नाही तुला!’ म्हणजे ब्रेक होता. फक्त माझ्यासाठी लागत नव्हता.

निदान निरुपयोगी असतं, असं मात्र नाही हं. माझ्या एका मैत्रिणीच्या नवऱ्याला चौतिसाव्या वर्षी एडीएचडी असल्याचं कळलं. विसरलेली बिलं, अर्धवट ऐकलेली वाक्यं, सगळ्याचा उलगडा झाला. पण तो स्वतःहून डॉक्टरकडे गेला होता. औषधं घेतली, मोबाइलवर रिमाइंडर लावले आणि मुख्य म्हणजे ‘सॉरी’ म्हणाला. ‘मला एडीएचडी आहे, आता तू सांभाळून घे’ असं म्हणून विषय संपवला नाही.

मीही घरी म्हटलं, ‘आपण दोघं जाऊ या.’ उत्तर आलं, ‘डोकं तुझं फिरलंय, तू जा.’ गेले. तिथं मॅडमनी त्याच शीटमध्ये एक कॉलम वाढवायला लावला: ‘त्यानंतर माझं काय झालं?’ झोप उडाली. मैत्रिणींचे फोन उचलणं बंद. मीटिंगमध्ये तोंड उघडायची भीती. इतके महिने मी नोंदी करत होते, पण त्यात मी कुठंच नव्हते!

सध्या मी वेगळी राहते. त्याला काय झालंय, हे मला अजूनही माहीत नाही. बरं वाटायला ते कळावंच लागतं, असंही नाही. ती फाइल अजून आहे, पण आता तिच्यात खरंच बजेट असतं: भाडं, किराणा, गॅस. चहा माझ्या चवीचा!

हे माहीत हवंच

- कौटुंबिक हिंसाचार कायदा २००५ चा आहे. सततचा अपमान, टोमणे, शिवीगाळ हीसुद्धा त्यात हिंसाच. लग्नासारख्या लिव्ह-इन नात्यालाही तो लागू होतो.
- मदत मागायला जोडीदाराचं निदान लागत नाही. महिला हेल्पलाइन: १८१.
- मन मोकळं करायचंय? सरकारची टेलिमानस सेवा: १४४१६.