कर्जबाजारी आमदार

अब्राहम लिंकन म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे येतो तो गुलामगिरीविरुद्ध उभा राहिलेला राष्ट्राध्यक्ष. इतिहासाच्या पेपरासाठी आपण १८६१ ते १८६५ एवढीच वर्षे पाठ करतो. मला मात्र त्याआधीचा लिंकन, बुडालेला दुकानदार आणि नवखा आमदार, अधिक विचार करायला लावतो.

१८३१ साली तो इलिनॉय राज्यातील न्यू सेलम या खेड्यात आला, एका दुकानात नोकर म्हणून. ते दुकान लवकरच बुडाले. पुढच्या वर्षी तो विधिमंडळाच्या निवडणुकीला उभा राहिला आणि तेरा उमेदवारांत आठवा आला. पण गंमत अशी, की त्याच्या स्वतःच्या मतदान केंद्रावरील ३०० पैकी २७७ मते त्याला पडली होती! माणूस गावाला आवडला होता; व्यापार तेवढा जमत नव्हता.

नंतर विल्यम बेरी याच्याबरोबर त्याने भागीदारीत दुकान काढले. भांडवल म्हणजे केवळ सही केलेल्या वचनचिठ्ठ्या! नदीतून आगबोटी येतील, गाव वाढेल, ही साऱ्यांची आशा होती. बोटींची वाहतूक काही सुरू झाली नाही, दुकान बसले आणि १८३५ मध्ये बेरीही वारला. सुमारे ११०० डॉलरांचे देणे एकट्या लिंकनच्या अंगावर आले. पोस्टमास्तरकीचे उत्पन्न वर्षाकाठी पन्नास-पंचावन्न डॉलर. एका धनकोने तर त्याचा घोडा, खोगीर आणि जमीनमोजणीची साधने लिलावात काढली. एका शेजाऱ्याने ती विकत घेऊन त्याला परत दिली. रात्रीतून गाव सोडणारे कर्जदार त्या मुलखात कमी नव्हते. लिंकन राहिला आणि कित्येक वर्षे ते देणे फेडीत राहिला. त्याला तो थट्टेने 'राष्ट्रीय कर्ज' म्हणे.

दरम्यान १८३४ साली तो निवडून आला होता. राजधानी व्हँडेलियाला जायचे तर अंगावर बरा पोशाख हवा. त्यासाठी २०० डॉलर उसने घेतले. म्हणजे जुन्या कर्जात नव्याची भर!

आता खरे कोडे. १८३७ च्या आरंभी विधिमंडळाने रेल्वे, रस्ते आणि नद्यांच्या सुधारणेसाठी सुमारे एक कोटी डॉलरांची योजना कर्जाच्या भरवशावर मंजूर केली. लिंकन तिचा खंदा पुरस्कर्ता होता. त्याच वर्षी मंदी आली, कामे अर्धवट पडली, राज्याला व्याजही देता येईना. ते देणे फिटायला सुमारे चाळीस वर्षे लागली. उधारीने पोळलेल्या माणसाने असे का करावे? माझ्या मते, दुकान आणि योजना यांमागची आशा एकच होती: वाहतूक येईल, वस्ती वाढेल, पैसे वसूल होतील. फरक एवढाच, की दुकानाचे देणे त्याने स्वतः फेडले, योजनेचे करदात्यांनी.

त्याच वर्षीच्या मार्चमध्ये गुलामगिरी अन्यायमूलक आहे असा लेखी निषेध त्याने व डॅन स्टोनने सभागृहात नोंदवला, हेही सांगितले पाहिजे. सहीला तिसरा कोणी पुढे आला नाही.

एप्रिलमध्ये तो उसन्या घोड्यावरून स्प्रिंगफिल्डला राहायला आला. जोशुआ स्पीडच्या दुकानात त्याने अंथरुणा-पांघरुणाची किंमत विचारली. सतरा डॉलर. एक कोटीच्या योजनेला मत देणाऱ्या आमदारापाशी तेवढे नव्हते; त्याने नाताळपर्यंत उधार मागितले. स्पीडने उधारीऐवजी माडीवरच्या आपल्या खोलीतच त्याला जागा दिली.