चाळीस कुठे उभा राहील?

नाशिकजवळच्या ओझरच्या मुलांना लहान-मोठं शिकवावं लागत नाही. खळ्यावर कांद्याच्या ढिगातून गोल्टी, म्हणजे बारके कांदे, बाजूला काढायला शाळेत न जाणारं पोरसुद्धा हात लावतं. द्राक्षबागेच्या घरातला दुसरीचा मुलगा सोळा एमएमच्या मण्यापेक्षा अठराचा मणी जास्त भाव खातो, हे न विचारता सांगतो. हाच मुलगा ३८ मोठे की ८३, असं विचारलं की थांबतो. कांदा हातात मावतो, डोळ्यांना दिसतो. ३८ आणि ८३ मध्ये आकडे तेच आहेत. कोण कुठे बसलाय एवढाच फरक.

दुसरीच्या एका वर्गात मागे बसून मी हे बघत होतो. भिंतीला दोन खिळ्यांमध्ये शंभर मण्यांची माळ ताणलेली होती, दहा लाल, दहा पांढरे, पुन्हा दहा लाल. बाईंनी एकाला कपड्यांचा चिमटा दिला आणि अडतिसाव्या मण्यापुढे लावायला सांगितला. तो एकापासून एकेक मणी मोजू लागला. शेजारच्या मुलीला राहवेना. तिने बोटाने उड्या मारल्या, दहा, वीस, तीस, आणि पुढचे आठ मोजून जागा दाखवली. चिमटा बरोबर लागला. मग बाई म्हणाल्या, ‘‘आता फळ्यावर लिही.’’ त्याने ८३ लिहिलं.

बाईंनी ते पुसलं नाही. दुसरा चिमटा त्याच्या हातात दिला, ‘‘तू लिहिलंस ना, तिथे लाव.’’ आठ दशकं ओलांडून तो भिंतीच्या पार दुसऱ्या टोकाला गेला, मागे वळून आपल्या पहिल्या चिमट्याकडे बघितलं आणि स्वतःच हसला.

त्याचा कान चुकला नव्हता. अडतीस म्हणताना आठ आधी ऐकू येतात, तीस नंतर; लिहायचं मात्र उलटं. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘वीस एक, वीस दोन’ अशी वाचनपद्धत आली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता! गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर सांगत होत्या ती अडचण हीच. जुनी नावं पुस्तकातून गेली नव्हती, पण विनोद करणाऱ्यांना तेवढं वाचायला सवड कुठली? मला नारळीकरांचं म्हणणं वर्गात बसल्यावर जास्त पटलं. तरी घरी आजी अडतीसच म्हणणार, त्यामुळे बाईंना दोन्ही लागतं. त्या ‘तीस आठ’ म्हणवून घेतात आणि लगेच ‘म्हणजे अडतीस’.

‘एकोण’ हा आणखी एक खड्डा. एकोणपन्नासमधलं पन्नासच कानात राहतं आणि मूल त्याला पन्नाशीच्या घरात बसवतं. एकीने तर अठ्ठ्याण्णवनंतर ठणकावून ‘एकोणशंभर’ म्हटलं. नियम तिला पुरता कळला होता, भाषेनेच ऐनवेळी तो पाळला नाही.

दोन संख्यांची तुलना ‘आधी गठ्ठे बघा, मग सुटे’ एवढ्यावर निभावते. काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे रबरबँडने बांधलेले असले की गठ्ठे कोणाकडे जास्त ते दिसतंच. खरी कसोटी क्रम लावताना. गळ्यात कार्डं अडकवून चौघं उभी राहिली: ९, १९, ४५, ५४. नऊवाला आधी शेवटाला जाऊन उभा होता, नऊ सगळ्यात मोठा अंक ना! एकही गठ्ठा नाही म्हटल्यावर मुकाट्याने पुढे आला. मग चाळीसवाली आली. १९ च्या पुढे उभी राहिली, ४५ बघून घुटमळली. ‘‘मी मोठी आहे का लहान?’’ ती १९ पेक्षा मोठी आणि ४५ पेक्षा लहान, एकाच वेळी दोन्ही. प्याजे या स्विस मानसशास्त्रज्ञाने लांबीनुसार काड्या लावायला देऊन हीच अडचण टिपली होती: लहान मुलं जोड्या बरोबर लावतात, पण एकच काडी दोन्हीकडून तोलणं साधारण सातव्या वर्षाच्या आसपास जमू लागतं. बाईंनी उत्तर दिलं नाही. ‘‘डावीकडच्याला विचार, उजवीकडच्याला विचार.’’ तेवढ्यात गावच्या एचएएल विमान कारखान्याच्या धावपट्टीवरून सुखोई विमान उठलं आणि अख्खी रांग खिडकीत गेली. परत रांग लागली तेव्हा चाळीस आपल्या जागेवर होती.

चिन्हांना बाई शेवटी हात घालतात, आणि तेच योग्य. थॉमस हॅरियटच्या १६३१ सालच्या पुस्तकातून आलेली < आणि > ही चिन्हं मोठ्या संख्येकडे उघडी चोच म्हणून पाच मिनिटांत पाठ होतात. पण ती आधी शिकवली की मुलं चोचीची दिशा बघतात, संख्या बघतच नाहीत.

तास संपता संपता बाई म्हणाल्या, ‘‘आता उतरता क्रम.’’ ढकलाढकली सुरू झाली, नऊ तिकडे पळाला, चौपन्न इकडे. चाळीसवाली हलली नाही. म्हणाली, ‘‘बाई, तुम्हीच त्या टोकाला जा ना.’’