साथीचा रोग, मालकाचे कर्तव्य आणि कायद्याचा दंड

१८९६ च्या पावसाळ्याअखेर मुंबईत प्लेग शिरला आणि १८९७ च्या फेब्रुवारीत सरकारने घाईघाईने साथरोग कायदा केला. या कायद्याच्या जोरावर पुण्यात घरोघर झडत्या झाल्या. त्यातून उसळलेला संताप, रँडचा खून आणि चाफेकर बंधूंचे बलिदान हा इतिहास आपण शाळेपासून वाचत आलो आहोत. परंतु त्या कायद्यातील एक उणीव सहसा आपल्या लक्षात येत नाही. सरकारने काय करावे आणि रयतेने काय सोसावे, हे त्यात होते. गिरणीत शेकडो माणसांना एका छपराखाली कामाला लावणाऱ्या मालकाचे त्या माणसांविषयी काय कर्तव्य आहे, याचा त्यात शब्दही नव्हता.

१२३ वर्षांनी, म्हणजे २०२० साली, कोरोनाची साथ आली तेव्हा आपण हाच कायदा कपाटातून बाहेर काढला. हुकूम मोडणाऱ्यास शिक्षा होती ती भारतीय दंड संहितेच्या १८८ व्या कलमाखाली. एरवी एक महिना कैद किंवा २०० रुपये दंड, आणि लोकांच्या जिवास धोका पोहोचत असेल तर सहा महिने कैद किंवा १,००० रुपये दंड, अथवा दोन्ही. त्याच वर्षी या कायद्यात दुरुस्ती झाली. डॉक्टर-परिचारिकांवर हात उगारणाऱ्यांना जबर शिक्षा ठरली, आणि ते योग्यच झाले. पण कामगारांना लागणीपासून न राखणाऱ्या मालकाविषयी तेव्हाही त्यात काही आले नाही.

येथे कोणीही म्हणेल की, मालकाचे कर्तव्य कायद्यात स्पष्ट लिहावे म्हणजे झाले. खरोखरच एवढ्याने काम भागते काय? हे तपासण्यासाठी, ज्या देशात हे कर्तव्य पन्नास वर्षे कायद्यात लिहिलेले होते, त्या अमेरिकेत साथीच्या काळात काय घडले ते पाहू.

अमेरिकेत १९७० साली कामगारांच्या सुरक्षिततेचा आणि आरोग्याचा कायदा झाला. त्याची अंमलबजावणी करणारे खाते ‘ओशा’ या नावाने ओळखले जाते. मृत्यू किंवा गंभीर इजा घडवू शकतील अशा, सर्वमान्य धोक्यांपासून मुक्त असे कामाचे ठिकाण प्रत्येक मालकाने कामगारांना दिले पाहिजे, अशा अर्थाचे कलम या कायद्यात आहे. वाचणाऱ्याला वाटावे, याहून अधिक काय हवे!

दक्षिण डकोटा राज्यातील सू फॉल्स या गावी स्मिथफील्ड कंपनीचा डुकराच्या मांसाचा प्रचंड कारखाना आहे. त्यात सुमारे ३,७०० माणसे काम करीत. सरत्या पट्ट्यासमोर खांद्याला खांदा लावून उभे राहायचे आणि पुढे येणारे मांस कापायचे, असे ते काम. कामगारांत नेपाळ, इथिओपिया, मध्य अमेरिका अशा ठिकाणांहून आलेले पुष्कळ लोक होते. सरकारी आरोग्य पथकाने पाहणी केली तेव्हा कारखान्यात सुमारे ४० भाषा बोलल्या जातात असे आढळले. दोन भाषांच्या गावात राहणाऱ्या आपल्यासारख्यांना यातली अडचण सांगायला नको: सूचनेचा कागद भिंतीवर लागला म्हणजे तो सर्वांना समजला असे होत नाही. एप्रिल महिन्यात एकही पाळी न चुकवणाऱ्यास ५०० डॉलर बक्षीस, असेही कंपनीने जाहीर केले होते. साथीच्या दिवसांत अशा बक्षिसाचा परिणाम काय होणार? अंगात कणकण असलेला गरजू माणूसही तोंडाला रुमाल बांधून कामावर येणार.

व्हायचे तेच झाले. २०२० च्या वसंतात या एका कारखान्यातील किमान १,२९४ कामगारांना लागण झाली आणि चौघांचा मृत्यू झाला. सप्टेंबरमध्ये ओशाने कंपनीवर कर्तव्यात कसूर केल्याचा ठपका ठेवला आणि दंड प्रस्तावित केला १३,४९४ डॉलर. त्या वेळच्या भावाने हे सुमारे दहा लाख रुपये होतात. आकडा मोठा वाटेल, पण थोडे गणित करून पाहावे. लागण झालेल्या प्रत्येक कामगारामागे हा दंड साडेदहा डॉलरसुद्धा पडत नाही. कंपनीची वार्षिक विक्री सुमारे १४ अब्ज डॉलरची होती. त्या हिशेबाने दंडाची रक्कम म्हणजे जेमतेम अर्ध्या मिनिटाची विक्री झाली!

कोलोरॅडो राज्यातील ग्रीली येथे जेबीएस कंपनीच्या गोमांसाच्या कारखान्यात सहा कामगार दगावले. तेथे प्रस्तावित दंड होता १५,६१५ डॉलर. पुढे अमेरिकन संसदेच्या एका उपसमितीने या धंद्यातील पाच मोठ्या कंपन्यांची कागदपत्रे तपासली, तेव्हा साथीच्या पहिल्या वर्षात त्यांच्याकडील किमान ५९,००० कामगारांना लागण झाली आणि २६९ मृत्यू पावले, असे दिसून आले.

दंड इतका क्षुल्लक का? अधिकारी फितूर होते म्हणून, असे उत्तर पटकन सुचते. पण खरे कारण कायद्याच्या घडणीतच आहे. ‘गंभीर’ उल्लंघनासाठी त्या वर्षी कमाल दंडच मुळी १३,४९४ डॉलर होता. म्हणजे स्मिथफील्डला झालेला दंड हा त्या कलमाखालचा जास्तीत जास्त दंड होता! तो उल्लंघनामागे मोजतात, माणसामागे नव्हे. एक कामगार आजारी पडो वा हजार, उल्लंघन एकच. शिवाय रक्तातून पसरणाऱ्या रोगांसाठी १९९१ पासून तेथे बारकाईचे नियम होते, तसे हवेतून पसरणाऱ्या रोगांसाठी नव्हते. त्यामुळे खात्याला मोघम कलमाचा आधार घ्यावा लागला. कंपनीनेही नेमके यावरच बोट ठेवले. खात्याची या धंद्यासाठीची मार्गदर्शक सूचना एप्रिलच्या अखेरीस निघाली, तोवर आम्ही आमच्या परीने उपाय केलेच होते, असे तिचे म्हणणे होते. अखेर २०२१ च्या नोव्हेंबरात तडजोड होऊन कंपनीने तेवढाच दंड भरला आणि आपल्या सर्व कारखान्यांसाठी साथरोगाची पूर्वतयारी योजना करण्याचे मान्य केले.

तुरुंगाची भीती म्हणावी, तर तीही नाममात्र. मालकाने जाणूनबुजून नियम मोडला आणि त्यामुळे कामगार मेला, तरी १९७० च्या कायद्यानुसार पहिल्या अपराधाला जास्तीत जास्त सहा महिने कैद. त्याच देशात १९७१ च्या एका कायद्यानुसार सरकारी माळरानावरील रानटी गाढवाचा छळ करणाऱ्यास एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. गाढवाविषयी आमचे वाकडे नाही. पण ही तुलना पुरेशी बोलकी आहे.

दंडाचे काम सूड घेणे नव्हे, कर्तव्य टाळणे परवडू न देणे हे आहे. पट्टा मंदावणे, माणसांत अंतर ठेवणे, आडपडदे बसवणे, आजाऱ्याला भरपगारी रजा देणे, या सर्वांना पैसे लागतात. दंड त्या खर्चाहून कमी असेल, तर हिशेबी मालक दंडच खर्चाच्या खात्यावर मांडून मोकळा होतो. मग तो दंड उरत नाही, कसूर करण्याचे भाडे ठरते. त्यात ज्याने स्वतःहून खर्च करून कामगारांना सांभाळले, तो सज्जन मालक बाजारात मागे पडतो. हा अन्याय दुहेरी आहे.

यावर दोन आक्षेप नेहमी घेतले जातात. पहिला, साथीत लागण कारखान्यात झाली की बाजारात, हे कसे सिद्ध करणार? पण येथे शिक्षा लागणीची नसून कसुरीची आहे. अंतर राखले होते की नाही, आजाऱ्याला घरी पाठवले होते की नाही, हे प्रत्यक्ष जाऊन पाहता येते. दुसरा आक्षेप असा की, जबर दंडाने लहान कारखाने बुडतील. तोही टिकत नाही, कारण दंड उलाढालीच्या प्रमाणात ठरवता येतो. ब्रिटनमध्ये २०१६ पासून सुरक्षिततेच्या गुन्ह्यांत न्यायालये कंपनीची उलाढाल पाहून दंड ठरवतात. मोठ्या कंपनीला तो एक कोटी पौंडांपर्यंत जाऊ शकतो, तर लहानाला लहान.

आपल्याकडची स्थिती काय? भोपाळची वायुदुर्घटना १९८४ ची. खटल्याचा निकाल लागला २०१० साली. हजारो बळींच्या त्या प्रकरणात शिक्षा झाली दोन वर्षे कैद आणि प्रत्येकी सुमारे एक लाख रुपये दंड. दुर्घटनेनंतर, १९८७ साली, कारखाने कायद्यातील शिक्षा वाढवल्या गेल्या. आता नोव्हेंबर २०२५ पासून नवी कामगार सुरक्षा व आरोग्य संहिता लागू झाली आहे. तीनुसार कर्तव्यात कसूर होऊन कामगाराचा मृत्यू झाल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा किमान पाच लाख रुपये दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात, आणि दंडाची निदान निम्मी रक्कम वारसांना देण्याचा आदेश न्यायालय देऊ शकते. वारसाचा विचार झाला हे चांगलेच. पण पाच लाखांचा आकडा छोट्या फौंड्रीला जड आणि अब्जावधींच्या कंपनीला चिल्लर, हा मूळ दोष राहतोच. शिवाय केवळ दंडाची शिक्षा असलेल्या गुन्ह्यांत कमाल दंडाच्या निम्मी रक्कम भरून प्रकरण मिटवण्याची सोयही या संहितेत आहे.

आपल्यापैकी कित्येकजण पदवीनंतर उद्यमबागेतल्या किंवा अन्य कुठल्या कारखान्यात जातील. कोणी कामगारांच्या पाळीवर, कोणी देखरेख करणाऱ्याच्या खुर्चीवर. पुढची साथ केव्हा येईल हे कोणी सांगू शकत नाही, पण ती येईल तेव्हा पट्ट्यासमोर माणसेच उभी असणार. म्हणून कोणताही कामगार कायदा हाती आला की त्याच्या प्रस्तावनेवर भाळू नये. आधी शिक्षेचे प्रकरण काढावे आणि तेथला आकडा कारखान्याच्या उलाढालीशेजारी मांडून पाहावा. कामगाराच्या जिवाला कायद्याने काय मोल दिले आहे, ते त्या भागाकारातून कळते.