वणवा आणि कुऱ्हाड

पळस फुलला की रान पेटल्यासारखे दिसते, असे आम्ही कवी मंडळी लिहीत आलो. मीही लिहिले आहे. पण एका एप्रिलमध्ये उमरेडहून भिवापूरकडे जाताना खरोखर पेटलेले रान पाहिले आणि ती उपमा वापरायची मला लाज वाटू लागली. ज्वाळा जेमतेम गुडघाभर, धूर मात्र डोळे झोंबवणारा.

आपल्या विदर्भातले रान पानगळीचे. साग, ऐन, तेंदू, मोह. फेब्रुवारीपासून जमिनीवर वाळल्या पाल्याचा थर साचतो आणि एक काडी पुरते. ती बहुधा माणूसच ओढतो. मोहफुले वेचायला जमीन साफ हवी म्हणून, नाहीतर तेंदूला कोवळी पालवी यावी म्हणून.

मोठी झाडे बहुधा तगतात, त्यांची साल जाड असते. पावसाळ्यात सगळे हिरवे झाले की वाटते, काहीच बिघडले नाही. बिघडते ते खाली. बी जळते, वीतभर रोपे जळतात, जमिनीवरची घरटी जळतात. दरसाल असेच झाले तर ते रान म्हणजे पाळणा न हललेले म्हाताऱ्यांचे गाव. झाडे विरळ होतात, गवत माजते, आणि गवत तर आणखी लवकर पेटते.

ॲमेझॉनच्या सदाहरित अरण्यात क्रम उलटा आहे. तिथे सावली दाट, पाला ओला. आग सहसा लागतच नाही. म्हणून आधी कुऱ्हाड चालते, पाडलेली झाडे उन्हात वाळवतात आणि मग कुरणासाठी, शेतीसाठी पेटवतात. ती आग शेजारच्या उभ्या अरण्यात शिरते. तिथल्या झाडांची साल पातळ. ती मेली की छत उघडते, ऊन आत येते आणि पुढची आग सोपी होते. २०२४ साली जगातल्या उष्ण कटिबंधातले सुमारे ६७ लाख हेक्टर मूळ अरण्य गेले. त्यातले जवळजवळ निम्मे आगीने.

आपल्याकडे राखीव जंगलात आग लावणे १९२७ च्या कायद्याने गुन्हा आहे. वनखाते उन्हाळ्याआधी जाळरेषा काढते, आणि आता तर उपग्रहाने टिपलेल्या आगीचा संदेश मोबाईलवर येतो. हे सारे मी मोह वेचणाऱ्या एका बाईंना मोठ्या उत्साहाने सांगितले. त्या म्हणाल्या, "पाला नाही जाळला तं फुलं दिसतीन कशी, भाऊ?"

मी म्हटले, काही गावांत झाडाखाली जाळी बांधतात, फुले त्यात पडतात. जुन्या साड्याही चालतात.

"एका झाडाले चार तरी लागतीन," त्या म्हणाल्या.

त्यांच्या वहिवाटीची झाडे सात होती.