मॅच सिडनीत, टीव्ही पुण्यात

२५ ऑक्टोबर २०२५, शनिवार, सकाळचे नऊ. भाऊबीज होऊन दोन दिवस झालेले, चकलीचा डबा तळाला गेलेला. त्याच डब्याला टेकवून आईचा मोबाइल आमच्या टीव्हीसमोर उभा केला होता. व्हिडिओ कॉलवर पलीकडे माझा मावसभाऊ. सिडनीतली भारत-ऑस्ट्रेलिया तिसरी वनडे तो आमच्या टीव्हीवर बघत होता.

यात गंमत काय? तर हा दादा मास्टर्स करायला मेलबर्नला गेलाय. म्हणजे मॅच ज्या देशात चालू होती, त्याच देशात तो बसला होता. घरात टीव्हीसुद्धा आहे. तरी पहिल्या दोन मॅचमध्ये शून्यावर गेलेला विराट नाबाद ७४ आणि रोहित नाबाद १२१ करत होता, ते त्याला पुण्यामार्गे बघावं लागलं. (हे नियमात बसतं का, असं प्लीज विचारू नका.) कारण एकच. ऑस्ट्रेलियातल्या पुरुषांच्या वनडे आणि टी-२० मॅच तिथल्या फुकट टीव्हीवर दिसत नाहीत. फॉक्सटेल किंवा त्यांचं ‘कायो’ हे ॲप घ्यावं लागतं.

तुमच्यापैकी कुणी पुढच्या इनटेकला तिकडे निघालं असेल, तर हे आत्ताच वाचून ठेवा. नसाल निघालात तरी वाचा, कारण मॅच कोणाला दिसणार हा प्रश्न आपल्याकडेही आहेच.

आपल्याकडे टीव्ही म्हटलं की केबलवाला किंवा डिश आणि महिन्याचं रिचार्ज. तिकडे तसं नाही. एबीसी, एसबीएस, सेव्हन, नाइन आणि टेन ही पाच नेटवर्क हवेतून फुकट येतात. भिंतीतल्या सॉकेटला अँटेनाची वायर लावली की झालं. पैसे भरून बघायचा टीव्ही तिथे १९९५ मध्ये आला, पण त्याच्या आधीच, १९९२ च्या प्रसारण कायद्यात, सरकारनं एक तरतूद करून ठेवली. देशाला महत्त्वाच्या वाटणाऱ्या खेळांची यादी करायची आणि त्यांचे हक्क विकत घ्यायची पहिली संधी फुकट चॅनलना द्यायची. ऑलिम्पिक, मेलबर्न कप, ऑस्ट्रेलियन ओपन, फुटीची ग्रँड फायनल, मायदेशातल्या टेस्ट, असं सगळं त्या यादीत आहे.

पण नीट बघा, ही फक्त पहिली संधी आहे. फुकट चॅनलनं हक्क घ्यायलाच हवेत, अशी सक्ती नाही. आणि क्रिकेटचे हक्क स्वस्त नाहीत. केरी पॅकरच्या काळापासून, म्हणजे जवळपास चाळीस वर्षं, ऑस्ट्रेलियातलं क्रिकेट म्हणजे चॅनल नाइन हे समीकरण होतं. २०१८ मध्ये ते मोडलं. सेव्हन आणि फॉक्सटेलनं मिळून सहा वर्षांसाठी सुमारे ११८ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर मोजले. टेस्ट सेव्हनवर राहिल्या, पुरुषांच्या वनडे आणि टी-२० मात्र पैशांच्या भिंतीपलीकडे गेल्या. त्यानंतरचा, २०२४-२५ पासूनचा सात वर्षांचा करार १५१ कोटींचा. यात बोर्डाला शिव्या घालणं सोपं आहे, पण क्रिकेट बोर्डाची मोठी कमाई याच पैशांतून होते, हेही खरं.

त्यात प्रत्येक गोष्टीचं दुकान वेगळं. ऑस्ट्रेलियातल्या वनडे कायोवर. आयसीसीच्या स्पर्धा २०२४ पासून ॲमेझॉनच्या प्राइम व्हिडिओवर. प्रीमियर लीग बघायची तर २०२५ पासून स्टॅन स्पोर्ट. दादाला विद्यार्थी व्हिसावर सेमिस्टर चालू असताना पंधरवड्याला ४८ तासच काम करता येतं. तिथलं किमान वेतन जुलै २०२५ पासून तासाला २४.९५ डॉलर आहे. कायो २०१८ मध्ये सुरू झालं तेव्हाच महिन्याला २५ डॉलरला होतं, आता त्याहून महाग आहे. म्हणजे कॅफेत तासाभरापेक्षा जास्त वेळ कप विसळले की एका ॲपचा एक महिना. “आणि भाडं कोण भरणार, रोहित?” असं दादाच म्हणाला.

आयसीसीचं प्रकरण तर मला सगळ्यात बोलकं वाटतं. अहमदाबादची २०२३ ची वर्ल्ड कप फायनल ऑस्ट्रेलियात चॅनल नाइनवर फुकट दिसली. (आठवण काढल्याबद्दल सॉरी.) पुढच्याच वर्षी आपण बार्बाडोसमध्ये टी-२० वर्ल्ड कप जिंकलो, रोहितनं खेळपट्टीची माती तोंडात घातली, तो क्षण तिकडे प्राइमवर होता. सात महिन्यांत एवढा फरक कसा पडला? कारण १९९२ च्या कायद्यात पैसे भरून बघायच्या टीव्हीचा विचार होता. इंटरनेटवरून मॅच दाखवणारी कंपनी त्यात कुठेच नव्हती.

स्ट्रीमिंगवाल्यांची बाजूही ऐकू या. तिथे प्रत्येक मॅच मिळते, हवी तेव्हा, मागे-पुढे करून. फुकट चॅनल हे कधीच देऊ शकत नाही. शिवाय तिथल्या फुकट टीव्हीवर जाहिरातींचा मारा असतो, त्यात बेटिंगच्याही. पण ॲप ऐन वेळी बसलं तर? २०१८ च्या फुटबॉल वर्ल्ड कपच्या ६४ पैकी ३९ मॅच ऑस्ट्रेलियात फक्त ऑप्टस या टेलिकॉम कंपनीकडे होत्या. स्ट्रीम इतकं अडकायला लागलं, की पंतप्रधान माल्कम टर्नबुल यांनी कंपनीच्या प्रमुखांशी बोलणं केलं. लोकांनी कंपनीचं नाव ‘फ्लॉप्टस’ ठेवलं आणि शेवटी उरलेल्या मॅच एसबीएसवर फुकट दाखवाव्या लागल्या.

याच्या अगदी उलटं चित्र २०२३ चं. महिलांचा फुटबॉल वर्ल्ड कप ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये होता. सगळ्या ६४ मॅच ऑप्टसकडे, त्यातल्या १५ सेव्हनवर फुकट. ऑस्ट्रेलियाच्या टीमची, म्हणजे माटिल्डाजची इंग्लंडविरुद्धची सेमीफायनल त्या १५ मध्ये होती. सेव्हनवर ती मॅच थोडा वेळ तरी पाहिलेले लोक १ कोटी ११ लाखांवर गेले. देशाची लोकसंख्याच पावणेतीन कोटींच्या आतबाहेर! या सगळ्यांना फुटबॉल कळत असेल असं नाही. टीव्ही चालू होता, घरचे बघत होते, म्हणून तेही बसले. पैसे भरून ॲप कोण घेतं? ज्याला तो खेळ आधीच आवडतो तो. उरलेल्यांना तो आवडायचा कसा? तुम्ही-मी क्रिकेट असंच तर शिकलो, बाबांच्या शेजारी गृहपाठ करत.

ऑस्ट्रेलियन सरकारला हे कळत नाही असं नाही. २०२४ मध्ये त्यांनी कायदा बदलला. आता स्ट्रीमिंग कंपन्याही यादीतल्या स्पर्धांचे हक्क फुकट चॅनलच्या आधी उचलू शकत नाहीत. महिलांच्या स्पर्धाही यादीत वाढवल्या. नव्या स्मार्ट टीव्हीवर फुकट चॅनलची ॲप्स सहज समोर दिसली पाहिजेत, असाही नियम आला. पण एक मोठं भोक ठेवलं. हे संरक्षण आहे अँटेनातून येणाऱ्या प्रक्षेपणाला. फुकट चॅनलच्या ॲपवर मॅच फुकट दिसेल, याची हमी कायदा देत नाही. सध्या टेस्ट सेव्हनच्या ॲपवर दिसतात, पण त्या करारात तसं ठरलंय म्हणून. उद्याच्या करारात नसेल, तर अँटेना असलेल्यालाच मॅच दिसेल. आणि आपल्या वयाची किती पोरं अँटेना लावतात? दादाला तर त्याच्या टीव्हीमागच्या भिंतीत सॉकेट आहे, हेच दोन वर्षं माहीत नव्हतं. कपाट पुढे होतं.

आपल्याकडचा मार्ग वेगळा. २००७ च्या कायद्यानं राष्ट्रीय महत्त्वाच्या मॅचचा सिग्नल खासगी चॅनलला प्रसार भारतीला द्यावाच लागतो, म्हणून त्या दूरदर्शनवर, फ्री डिशवर दिसतात. पण मोबाइलवर बघणाऱ्याला त्याचा काय उपयोग, हा प्रश्न इथेही तोच.

त्या शनिवारी भारत नऊ विकेट राखून जिंकला. दुसऱ्या दिवशी दादानं कपाट सरकवलं आणि अँटेनाची वायर आणली. टेस्टचा प्रश्न मिटला. आयसीसीसाठी त्याच्या रूममेटकडे प्राइम आहे, पार्सल लवकर यावं म्हणून घेतलेलं.

“आणि पुढच्या वनडेंचं काय?” मी विचारलं.

“मावशीला सांग, तो चकलीचा डबा घासून जागेवर ठेव.”