उतारवयातील व्यायाम : उत्साह टिकावा कसा?

नवी मुंबईच्या उभारणीसाठी १९७० पासून ९५ गावांच्या जमिनी संपादित झाल्या. पनवेल तालुक्यातील गव्हाण हे त्यांपैकीच एक. शेती गेली तशी लावणी, कापणी, झोडणीची मेहनतही सुटली. ताटातील भात मात्र तेवढाच राहिला. अशा गावांतून उतारवयात वजन वाढल्यास नवल नाही.

व्यायामाने व आहारनियमनाने वजन प्रथम उतरते, पुढे मंदावते. हलक्या झालेल्या शरीरास ऊर्जा कमी लागते, हे त्याचे कारण. तो प्रयत्नांचा पराभव नव्हे. नेमक्या याच टप्प्यावर अनेकांचा धीर सुटतो. म्हणून केवळ वजनकाट्यावर विसंबू नये. कमरेचा घेर, न थांबता चढलेल्या पायऱ्या, हाताच्या आधाराविना खुर्चीतून उठणे, यांचीही दरमहा नोंद ठेवावी.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये आठवड्यास किमान १५० मिनिटे मध्यम श्रम सुचविले आहेत. अर्धा तास झपाझप चालणे पाच दिवस घडले, की हा हिशेब पुरा होतो. हृदयविकार वा मधुमेह असल्यास प्रथम डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. ग्रामपंचायतींनी सपाट वाट, दिवे व विसाव्यास बाक यांची सोय करावी. लावणी कोणी एकट्याने करीत नसे. चालण्यासही सोबत हवी.