ई-बुक रीडर येईपर्यंत



शाळेच्या वाचनालयासाठी दोन ई-बुक रीडर मागवल्याचे मागच्या अंकात छापले आणि तेव्हापासून मुलांनी आम्हां वाचनालय समितीच्या मंडळींना सळो की पळो करून सोडले आहे. मधल्या सुट्टीत, प्रार्थनेच्या रांगेत, अगदी बसथांब्यावरसुद्धा एकच प्रश्न : "सर, आलं का हो ते?" विक्रेत्याने दिलेली तारीख दोनदा पुढे गेली. पार्सल कोठवर आले हे आता मोबाइलवर दिसते, त्यामुळे अधीरता कमी होण्याऐवजी वाढलीच आहे. "माल निघाला" एवढीच ओळ तीन दिवस दिसत राहिली की मोठी माणसेही तासातासाला मोबाइल उघडून बघतात. विश्वस्त मंडळींचा प्रश्न मात्र वेगळा आणि अधिक रास्त आहे. एवढ्या पैशांत कागदी पुस्तके किती आली असती? या दोन्ही प्रश्नांना धरून हा लेख.

आधी यंत्राविषयी. हा मोबाइल नव्हे आणि टॅब्लेटही नव्हे. याच्या पडद्याला ई-इंक, म्हणजे विजेवर चालणारी शाई म्हणतात. अमेरिकेतल्या एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये जोसेफ जेकबसन आणि त्यांचे विद्यार्थी बॅरेट कॉमिस्की व जे. डी. अल्बर्ट यांनी ती विकसित केली. १९९७ साली तिच्यासाठी कंपनी निघाली आणि १९९८ साली 'नेचर' या नियतकालिकात तिच्यावरचा शोधनिबंध आला. पडद्यात केसाच्या जाडीएवढ्या असंख्य कुप्या असतात. प्रत्येक कुपीत पारदर्शक द्रव आणि त्यात पांढरे व काळे कण. एका रंगाच्या कणांवर धन विद्युतभार, दुसऱ्या रंगाच्या कणांवर ऋण. जिथे अक्षर उमटवायचे तिथे असा विजेचा दाब देतात की काळे कण वर येतात आणि पांढरे तळाला जातात. आठवीच्या मुलांनी केसांवर घासलेल्या कंगव्याने कागदाचे कपटे उचलले असतील, तर त्यांना हे समजायला वेळ लागणार नाही. कण एकदा जागेवर बसले की तिथेच राहतात. वीज लागते ती मुख्यतः पान बदलताना, म्हणून एकदा चार्ज केलेले यंत्र काही आठवडे चालते.

हा पडदा मोबाइलसारखा आतून पेटत नाही. बाहेरचा उजेड कागदासारखा परत पाठवतो. गच्चीवर भर उन्हात, जिथे मोबाइलवर काही दिसत नाही, तिथे हा स्वच्छ वाचता येतो. रात्री वाचण्यासाठी कडेने बसवलेले बारीक दिवे साधारण २०१२ पासून येऊ लागले. पान उलटताना पडदा कधी कधी क्षणभर काळा होतो, त्याला बिघाड समजू नये. मागच्या पानाची पुसट छाया राहू नये म्हणून कण एकदा हलवून घेतलेले असतात. कण सावकाश हलतात, त्यामुळे यावर सिनेमा किंवा खेळ नीट चालत नाहीत. पालक याला दोष म्हणणार नाहीत अशी आमची खात्री आहे.

अशा पडद्याचे पहिले वाचनयंत्र सोनी कंपनीने २००४ मध्ये जपानात विकायला काढले. पण वाट पाहण्याची मोठी गोष्ट १९ नोव्हेंबर २००७ ची आहे. त्या दिवशी ॲमेझॉनचे पहिले किंडल अमेरिकेत ३९९ डॉलरला विक्रीस आले आणि साडेपाच तासांत संपले. पुढचा साठा यायला एप्रिल २००८ ची अखेर उजाडली. पाच महिने! भारतात ते मागवता येऊ लागले ऑक्टोबर २००९ पासून, तेही अमेरिकेहून. अहमदाबादच्या इन्फिबीमने २०१० मध्ये 'पाय' नावाचा देशी रीडर काढला. किंडलचे भारतासाठीचे पुस्तकांचे दुकान ऑगस्ट २०१२ मध्ये उघडले. अलीकडचेच सांगायचे तर किंडल पेपरव्हाइटची नवी आवृत्ती ऑक्टोबर २०२४ मध्ये अमेरिकेत आली आणि भारतात पोहोचायला एप्रिल २०२५ उजाडला. किंमत १६,९९९ रुपये. आपल्या शाळेचे पार्सल दोन-तीन आठवडे रखडले, याने फार हळहळायला नको.

आमच्या मते खरी लांबलेली प्रतीक्षा या यंत्राची नाहीच. ती आहे यंत्रावर मराठी दिसण्याची. किंडलवर हिंदी, तमिळ, मराठी, गुजराती आणि मल्याळम या पाच भाषांची पुस्तके रीतसर मिळू लागली ती डिसेंबर २०१६ मध्ये. म्हणजे पहिल्या यंत्रानंतर तब्बल नऊ वर्षांनी. त्या यादीत कन्नड नव्हती, हे आपल्या शेजारच्या मित्रांसाठी मुद्दाम नोंदवतो. आपली वाट संपली तेव्हा त्यांची चालूच होती.

एवढा उशीर का झाला? बाजार लहान, हे एक कारण आहेच. दुसरे कारण आपल्या लिपीच्या घडणीत आहे आणि ते मुलांनी समजून घेण्यासारखे आहे. इंग्रजी अक्षरे एकापुढे एक मांडली की शब्द झाला. मराठीत 'कि' लिहिताना वेलांटी डोळ्यांना आधी दिसते, पण यंत्राच्या स्मृतीत आधी क आणि मग वेलांटी असते. दाखवताना तिला उडी मारून अलीकडे आणावे लागते. 'स्त्री'मध्ये स, त, र आणि दीर्घ वेलांटी, शिवाय मधले दोन हलन्त, इतके सगळे मिळून एकच आकृती तयार होते. ही जुळणी करणारा भाग यंत्रात नसेल तर वेलांट्या सुट्या लोंबकळतात आणि जोडाक्षरे पाय मोडून उभी राहतात.

जगातल्या सर्व लिप्यांना संगणकात एकेक क्रमांक देणाऱ्या युनिकोडने देवनागरीला १९९१ सालीच जागा दिली होती, तीही आपल्याकडच्या इस्की या संकेतपद्धतीच्या आधारावर. 'ॲसिड'मधल्या ॲ या अक्षराला स्वतंत्र क्रमांक मिळायला मात्र २००८ साल उजाडले. आणि मराठीचे खास दुखणे म्हणजे आडवा अर्धा र. हिंदीला त्याची गरज नाही, म्हणून पुष्कळ ठिकाणी त्याच्याकडे दुर्लक्ष होत असे. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' डोंगरातल्या. 'आचार्यांना' मानपत्र देतात, 'आचाऱ्यांना' स्वयंपाकाचे पैसे. स्नेहसंमेलनाच्या आभारपत्रात ही अदलाबदल झाली तर काय होईल ते पालकांनीच ताडावे.

याहून मोठी अडचण प्रकाशकांकडे होती आणि काही प्रमाणात अजून आहे. युनिकोड रुळण्याआधी मराठी पुस्तकांची अक्षरजुळणी श्री-लिपीसारख्या प्रणालींवर होई. त्यांत इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी वळणे बसवलेली असत. तोच फॉन्ट असेल तर मराठी दिसते, नसेल तर इंग्रजी अक्षरे आणि चिन्हांची खिचडी. त्या काळातले पुस्तक ई-बुक करायचे म्हणजे सगळा मजकूर युनिकोडमध्ये बदलून पुन्हा ओळीओळीने तपासायचा. खर्च आहे, माणूसबळ लागते, म्हणून कित्येक चांगली पुस्तके मागे राहिली. काहींनी पानांची छायाचित्रे काढून पीडीएफ केले. पण पीडीएफचे पान सहा इंची पडद्यावर मुंगीएवढे दिसते. अक्षर मोठे केले की ओळ पडद्याबाहेर जाते. खरे ई-बुक असेल तर अक्षर मोठे करताच ओळी आपोआप नव्याने जुळतात. आजी-आजोबांसाठी फरक एवढाच, पण तोच महत्त्वाचा.

हुबळी-धारवाडच्या मराठी वाचकाला पुस्तकाची वाट पाहणे काही नवे नाही. १ नोव्हेंबर १९५६ ला धारवाड जिल्हा मुंबई राज्यातून तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. मराठी पुस्तकांची बाजारपेठ पुण्या-मुंबईतच राहिली. पुणे इथून चारशे किलोमीटरांहून अधिक लांब. मग व्ही. पी.ने पुस्तक मागवायचे, पोस्टमनला पैसे मोजून पार्सल सोडवायचे. किंवा पुण्याहून येणाऱ्या पाहुण्याच्या पिशवीत जागा मागायची, नाहीतर बेळगाव गाठायचे, जिथले सार्वजनिक वाचनालय १८४८ पासून चालू आहे. मासिक 'मनोरंजन'ने १९०९ साली पहिला दिवाळी अंक काढल्यापासून दिवाळीची वाट पाहायला मराठी माणसाला आणखी एक कारण मिळाले. इथे मात्र अंक हाती पडेपर्यंत फराळ संपलेला असे, असे जुनी मंडळी सांगतात.

आणि तरीही याच धारवाडात राहून, जनता शिक्षण समितीच्या महाविद्यालयात इंग्रजी शिकवत, जी. ए. कुलकर्णी यांनी मराठी कथेला वेगळी उंची दिली. त्यांचे मित्र बहुतांशी टपालातले. त्यांची छापलेली पत्रे चाळली तर पुस्तकांविषयीचे बोलणे पानोपानी सापडते. 'काजळमाया'साठी १९७३ चा साहित्य अकादमी पुरस्कार जाहीर झाला तोही धारवाडच्या या लेखकाला. (पुढे त्यांनी तो परत केला.)

इथे एक गोष्ट सांगायला हवी. एकोणिसाव्या शतकात याच भागातल्या शाळांत मराठीचा जोर होता आणि कन्नड वाचकाला आपल्या भाषेतल्या पुस्तकांसाठी तिष्ठावे लागे. त्यातूनच १८९० मध्ये धारवाडला कर्नाटक विद्यावर्धक संघ उभा राहिला. आपल्या भाषेतले पुस्तक हाती न येण्याची खंत दोन्ही घरांना ओळखीची आहे.

आजची परिस्थिती मिश्र आहे. कागदी पुस्तकांसाठी टपाल खात्याने १ मे २०२५ पासून 'ज्ञान पोस्ट' ही सेवा सुरू केली. ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, ५ किलोपर्यंत १०० रुपये. ही सोय पालकांनी जरूर वापरावी. दुसरीकडे आपल्या मुलांचा दिवस तीन भाषांत वाटला गेला आहे : घरी मराठी, रस्त्यावर कन्नड, अभ्यासात बहुतेक इंग्रजी. मराठी बोलणे शाबूत आहे, वाचणे मात्र मागे पडते आहे. सहावीतल्या मुलाला एखादे पुस्तक आज वाचावेसे वाटले आणि ते पंधरा दिवसांनी आले, तर तोवर त्याचे मन दुसरीकडे गेलेले असते. मोठी माणसे वाट पाहतात. मुले विसरतात. रीडर मागवण्यामागे आमचा मुख्य विचार हा आहे.

आता विश्वस्तांच्या प्रश्नाकडे येतो. साधारण सतरा हजारांचे यंत्र आणि दोनशे रुपयांचे पुस्तक धरले, तर एका यंत्राच्या पैशांत सुमारे ८५ पुस्तके येतात. हिशेब खरा आहे आणि कागदी पुस्तकांची तरतूद कमी करावी असे आम्ही मुळीच म्हणत नाही. शिवाय विकत घेतलेले ई-बुक सहसा घेणाऱ्याच्या खात्याला बांधलेले असते. कपाटातल्या पुस्तकासारखे ते चाळीस मुलांना फिरवता येत नाही. म्हणून सुरुवातीला आम्ही हक्कमुक्त आणि लेखकांच्या संमतीने विनामूल्य मिळणारी पुस्तकेच घेणार आहोत. आपल्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षे हक्क टिकतो. साने गुरुजी १९५० साली गेले, म्हणून त्यांचे साहित्य २०११ पासून मोकळे आहे. नाशिकच्या तुरुंगात १९३३ मध्ये लिहिलेली 'श्यामची आई' पहिल्या दिवशी यंत्रावर असेल. ह. ना. आपटे १९१९ सालीच गेले, त्यांच्या कादंबऱ्याही घेता येतील. आपल्या धारवाडचे जी. ए. १९८७ मध्ये गेले, तेव्हा त्यांच्यासाठी २०४७ संपेपर्यंत थांबावे लागेल, किंवा सरळ पुस्तक विकत घ्यावे. आमचे मत दुसऱ्या बाजूने आहे. ई साहित्य प्रतिष्ठानची विनामूल्य पुस्तके आणि बालभारतीची मराठी पाठ्यपुस्तके पीडीएफ स्वरूपात मिळतात. वर सांगितलेली बारीक अक्षरांची अडचण तिथे येईल, म्हणून ती संगणक कक्षातल्या मोठ्या पडद्यावर वाचावीत.

पार्सल आल्यावर यंत्र लगेच मुलांच्या हाती मिळणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो. वस्तू परत करण्याची मुदत थोडी असते, ती संपण्याआधी मराठीची परीक्षा घ्यायची आहे. त्यासाठी एका पानाची फाईल तयार केली आहे. तिच्यात सध्या हे शब्द आहेत : दऱ्याखोऱ्या, कुऱ्हाड, आचाऱ्यांना, स्त्री, ॲसिड, ऑगस्ट, ज्ञानेश्वर, उज्ज्वल, शृंगार, हृदय, वाङ्मय, पुनर्रचना. अक्षर लहान-मोठे करून प्रत्येक शब्द तपासला जाईल. पाचवी ते दहावीच्या प्रत्येक वर्गाने यात आपल्याला अवघड वाटणाऱ्या दोन शब्दांची भर घालावी आणि चिठ्ठी शनिवारच्या मधल्या सुट्टीपर्यंत वाचनालयाच्या बाईंकडे द्यावी.